पत्रा कापण्यापूर्वीचे सतरा महिने

ऑक्टोबर २०२२ मधल्या एका शनिवारी आम्ही १९७३ सालची फोक्सवागेन कॅम्पर व्हॅन विकत घेतली आणि त्याच रात्री मी तिच्या पडद्यांसाठी खणाचे कापड निवडायला बसले. गाडीच्या तळाखाली आम्हा नवराबायकोपैकी एकानेही तोवर डोके घातले नव्हते. रंग नवा, पांढराशुभ्र होता, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले होते आणि विकणारे गृहस्थ बोलायला अतिशय गोड होते. एवढ्या भांडवलावर आम्ही साडेनऊ हजार पौंड मोजले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या परिसरात आम्हाला येऊन चौदा वर्षे झाली आहेत आणि इथल्या कॉर्नवॉलच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात अशा गाड्या रांगेने जाताना पाहून प्रत्येक वेळी 'आपणही एक घ्यावी' असे आम्ही म्हणत आलो होतो.

माझ्या वडिलांचे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षे लेथचे वर्कशॉप होते. कापडाचे फोटो मी हौसेने त्यांना पाठवले, तेव्हा त्यांचा फोन आला. "पडदे राहू देत. गाडीच्या पोटाखालचे फोटो पाठव," ते म्हणाले. मी पाठवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "अगं, ड्रॉइंगशिवाय जॉब लेथच्या चकात धरायचा नसतो. आधी ड्रॉइंग कर." ते ड्रॉइंग पुरे व्हायला सतरा महिने लागले. त्या काळात गाडीचा एकही पत्रा आम्ही कापला नाही. लोक विचारत, "काम कुठवर आलं?" आणि मी आराखड्याची वही दाखवत असे.

सुरुवात कागदांपासून केली, कारण कागद घरात बसून तपासता येतात आणि बाहेर पाऊस होता. या पिढीच्या गाड्यांना इथे 'बे विंडो' म्हणतात. पुढची काच एकसंध आणि फुगीर असते म्हणून हे नाव पडले. त्याआधीची, दुभंगलेल्या काचेची पिढी १९५० पासून १९६७ पर्यंत बनली आणि त्यानंतर आलेली ही दुसरी पिढी जर्मनीत १९७९ पर्यंत चालली. ब्राझीलमध्ये मात्र तिचे उत्पादन थेट २०१३ च्या अखेरीपर्यंत सुरू होते. आमच्या गाडीचे पुढचे इंडिकेटर खाली बंपरजवळ नसून हवेच्या जाळीच्या दोन्ही बाजूंना, उंचावर आहेत. हा बदल ऑगस्ट १९७२ मध्ये झाला, त्यामुळे नोंदणीपुस्तकातले १९७३ हे साल गाडीच्या चेहऱ्याशी जुळत होते. चेसिस क्रमांकाची सुरुवात २३३ अशी आहे, म्हणजे टाइप २ (फोक्सवागेनच्या या व्हॅनचे कारखान्यातले नाव) मधली कोंबी, म्हणजे खिडक्यांची आवृत्ती, आणि मॉडेल वर्ष १९७३. पुढच्या सीटच्या मागच्या पत्र्यावर एक लहानसा धातूचा पट्टा असतो. त्यावर कारखान्याने रंग, जोडणीचे पर्याय आणि बांधणीची तारीख सांकेतिक आकड्यांत ठोकलेली असते. आमचा पट्टा तीन रंगांच्या थरांखाली शाबूत सापडला आणि त्यावरून कळले की ही गाडी मुळात निळी होती. पांढरा रंग हा कुणाचा तरी नंतरचा विचार होता.

इंजिनाने मात्र दगा दिला. नोंदणीपुस्तकात १५८४ सीसी लिहिले आहे आणि ते या गाडीच्या १६०० इंजिनाचे खरे माप आहे: सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) ६९ मिलिमीटर. पण आमच्या इंजिनाच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, ठोकलेला क्रमांक 'एबी' या अक्षरांनी सुरू होतो, आणि एबी म्हणजे १३०० सीसीच्या बीटल कारचे इंजिन. त्याचा स्ट्रोक तेवढाच असतो, व्यास मात्र ७७ मिलिमीटर. पुढे कुणीतरी त्याच केसवर मोठे सिलिंडर चढवले की गाडी पन्नास वर्षांतली काही वर्षे बिचाऱ्या १३०० वर डोंगर चढत राहिली, हे हेड उघडल्याशिवाय कळणार नाही. त्यामुळे वहीत इंजिनासमोर खर्चाचा एक आकडा लिहिण्याऐवजी दोन लिहावे लागले आणि दुसरा पहिल्याच्या अडीचपट होता.

येथे कायद्याचाही प्रश्न होता. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता कर माफ असतो आणि मे २०१८ पासून एमओटी या गाडी सुरक्षित आहे का ते पाहणाऱ्या वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते, परंतु गेल्या तीस वर्षांत गाडीत मूलभूत बदल झालेला नसावा ही अट आहे. त्याच मूळ इंजिनाच्या वेगळ्या क्षमतेची आवृत्ती बसवली तर तो मूलभूत बदल धरला जात नाही, म्हणून आमचे इंजिन सवलतीच्या आड येत नव्हते. बदललेले इंजिन परवाना खात्याला कळवणे मात्र आवश्यक होते. याच नियमामुळे एक मोह आम्ही सुरुवातीलाच सोडला. मागे आधुनिक, पाण्याने थंड होणारे सुबारूचे इंजिन बसवण्याची येथे मोठी फॅशन आहे आणि माझ्या नवऱ्याने त्यावर चार रात्री व्हिडिओ पाहिले होते. ताकद मिळेल, हीटर चालेल, हे सगळे खरे. परंतु गाडीच्या मागून येणारा तो शिवणयंत्रासारखा खडखडाट जर नकोच असेल, तर मग ही गाडी घेतलीच कशाला, असे माझे म्हणणे पडले. वहीत त्या ओळीवर काट मारली.

सवलत असूनही आम्ही नोव्हेंबरमध्ये गाडी मुद्दाम एमओटी तपासणीला नेली, आणि या संपूर्ण नियोजनातला सर्वांत शहाणा खर्च कोणता असे विचाराल तर मी तोच सांगेन. तपासणीचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे. एवढ्या पैशांत एक त्रयस्थ, अनुभवी माणूस गाडी लिफ्टवर चढवतो, तळापासून पाहतो आणि दोष लेखी देतो. त्याला आपल्याला काही विकायचे नसते. सीटबेल्ट, सस्पेन्शन, ब्रेक किंवा स्टिअरिंग जिथे जोडलेले असतात, त्या बिंदूंपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. आमच्या गाडीत असे सात बिंदू निघाले. दोन दोष 'धोकादायक' या वर्गातले होते, त्यामुळे गाडी चालवत परत आणण्याचा प्रश्नच उरला नाही. ती ट्रेलरवर चढवून एका शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठारात आणली, अर्धे कोठार महिन्याच्या भाड्याने घेतले आणि गाडी रस्त्यावर नसल्याची अधिकृत नोंद केली. आग आणि चोरीचा तेवढा विमा ठेवला.

तपासनीसाला रंगाखाली जोर लावून खरवडायचा अधिकार नसतो. ते काम आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत केले. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत जायचे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. मुलाने खडू घेतला, मुलीने मोबाइल, आणि चुंबक घसरला की खडूने गोल काढून फोटो घ्यायचा असा खेळ सुरू झाला. संध्याकाळपर्यंत गाडी देवी आल्यासारखी दिसू लागली. मागच्या डाव्या चाकावरची कमान जवळजवळ पूर्ण पुट्टीची होती आणि एका ठिकाणी पुट्टीच्या मागे चक्क वर्तमानपत्राचा बोळा निघाला. दुर्दैवाने तारीख वाचता आली नाही. एरवी गाडीचा इतिहास आणखी थोडा कळला असता.

खरा आजार मात्र सिलमध्ये होता. दाराखालून चाकापासून चाकापर्यंत जाणाऱ्या पट्टीला सिल म्हणतात. बाहेरून ती साध्या पत्र्यासारखी दिसते, पण या गाडीत ती तीन पदरी असते: बाहेरचा पदर, मधला आणि आतला. तिघांच्या मध्ये पोकळी असते, त्या पोकळीत पन्नास हिवाळ्यांचे मीठमिश्रित पाणी साचलेले असते, कारण येथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची पेटी आणि खाली वेल्ड केलेले दोन लांब दांडे यांवरच सगळा भार असतो, आणि या दांड्यांपासून सिलपर्यंत आडव्या गेलेल्या आधारांच्या टोकांना जॅक लावायच्या जागा असतात. आमच्या चारपैकी तीन जागा बोटाने दाबल्यावर आत गेल्या. डाव्या बाजूला सरकते दार असल्यामुळे तिथे मोठी मोकळी चौकट आहे आणि मध्ये खांब नाही. अशा ठिकाणचा सिल आधार न देता कापला, तर गाडी मधोमध काही मिलिमीटर वाकते. वेल्डिंग कितीही सुरेख झाले तरी मग ते दार जन्मभर नीट बसत नाही. 'आधी सिल बदलू, मग बाकीचे बघू' असे वहीच्या पहिल्या पानावर मी बिनधास्त लिहिले होते. ते पान आता वाचवत नाही.

यानंतर तीन वर्कशॉपांकडून पत्राकामाचे अंदाज मागवले. एकाने दीड वर्षाने या असे सांगितले, दुसऱ्याने फोटो पाहून उत्तरच दिले नाही, आणि तिसऱ्याचा आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. त्यात त्यांची चूक नव्हती. तासांचा हिशेब त्यांनी दिला होता आणि तो मला पटला. म्हणून आम्ही काम दोन भागांत वाटले. जे चुकले तर पुन्हा करता येते ते आपण करायचे, आणि जे चुकले तर जीव जातो किंवा फुप्फुस जाते ते पैसे देऊन करून घ्यायचे. शेवटचा रंग या दुसऱ्या भागात गेला, कारण दोन घटक मिसळून मारायच्या रंगातील आयसोसायनेट श्वासात जाऊ नये यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथ लागतो. गॅसची जोडणीही त्याच भागात गेली. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातून बाहेर जाणारे भोक हवे. ते कुठे पाडायचे हे तळाचा पत्रा बदलण्यापूर्वीच ठरवावे लागते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे ते ड्रम हवेच्या झोताने साफ करायचे नाहीत, ओलसर फडक्यानेच पुसायचे, हीही नोंद झाली.

वेल्डिंग मात्र मी शिकायचे ठरवले. जानेवारी ते मार्च २०२३ या काळात दर मंगळवारी संध्याकाळी एका तंत्रशाळेच्या वर्गात मी जात होते. वर्गात मी एकटीच बाई होते आणि पन्नाशीच्या आतलीही जवळजवळ एकटीच. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा मिग वेल्डिंगने जोडताना सलग रेघ ओढायचा मोह आवरायचा असतो. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा पुन्हा मध्ये, असे करत उष्णता पसरू द्यायची. नाहीतर पत्रा पापडासारखा वर येतो. कारखान्याने जिथे स्पॉट वेल्ड केले होते तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते भोक वेल्डने भरायचे. पहिल्या महिन्यात मी भोके भरण्यापेक्षा नवी पाडलीच जास्त. बाबांना नमुने व्हिडिओवर दाखवले की ते फक्त "उलट बाजू दाखव" म्हणत, कारण टाका आरपार धरला आहे की नाही ते मागूनच कळते. एप्रिलमध्ये एकदा उलट बाजू पाहून ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे ती शाबासकी असते.

त्यानंतर आला तो क्रम लावण्याचा प्रश्न, आणि मला वाटते नियोजन म्हणून जे काही म्हणायचे ते याच टप्प्यावर घडले. दोषांची यादी कुणीही करू शकेल. आमची १६३ ओळींची झाली. परंतु कोणते काम कोणत्या कामाच्या आधी झालेच पाहिजे, हे बाण काढत गेल्यावर यादीचे रूपच बदलले. उदाहरणार्थ, पेट्रोलच्या टाकीचे घ्या. ती इंजिनाच्या पुढे, पत्र्याच्या पडद्यामागे बसवलेली असते आणि इंजिन उतरवल्याशिवाय निघत नाही. तिच्यापासून निघालेल्या रबरी नळ्या तापलेल्या इंजिनाजवळून जातात, आणि जुनी नळी तडकून या गाड्या जळाल्याचे प्रकार इतके झाले आहेत की जाणकार माणूस गाडी पाहायला आला की आधी नळ्याच दाबून बघतो. त्यात सप्टेंबर २०२१ पासून येथे साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे झाले आणि इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा इंजिन एकदा खाली आले की टाकी, नळ्या, क्लच आणि हीटरच्या पेट्या ही सगळी कामे त्याच वेळी व्हायला हवीत. या गाडीत एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापवलेली हवाच आत सोडतात, त्यामुळे त्या पेट्या गंजून छिद्रे पडली तर धूर थेट मुलांच्या सीटपर्यंत येतो. इंजिनाभोवतीच्या पत्र्यांचेही तसेच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ते पत्रे आणि कडेचे रबर मिळून थंड हवा वर आणि गरम हवा खाली अशी वाटणी करतात. आमच्याकडे त्यातले दोन पत्रे गायबच होते.

सीटबेल्टने तर सगळा आराखडा एकदा उलटवला. आमची मुलगी त्या वेळी पाच वर्षांची होती. जुन्या गाडीत मागे बेल्ट नसले तरी तीन वर्षांवरील मुलाला मागे बसवणे येथे कायद्याने चालते, पण मोटारवेवर तसे बसवण्याची माझी तयारी नव्हती. तीन बिंदूंच्या बेल्टला भक्कम टेकू हवा, तो टेकू तळाला आणि बाजूच्या खांबाला वेल्ड करावा लागतो, म्हणजे तो रंगापूर्वी हवा. मागची सीट उलगडून पलंग होते. तो सांगाडा कोणता घ्यायचा हे ठरल्याशिवाय टेकूची जागा ठरत नाही. आणि सांगाडा ठरवायचा तर शेजारचे कपाट किती रुंद राहणार ते माहीत हवे. अशा रीतीने सर्वांत शेवटी करायची म्हणून ठेवलेली सुतारकामाची मापे सर्वांत आधी घ्यावी लागली. ब्राऊन पेपर कापून आम्ही गाडीतच कपाटे, सीट आणि झोपलेली माणसे खऱ्या मापात मांडली. नवरा सहा फूट आहे. तो पाय मुडपूनच झोपणार, असे कागदाने सांगितले.

आतले फर्निचर काढून टाकावे की ठेवावे, यावर आमचे सर्वांत लांब भांडण झाले. ही गाडी कारखान्यातून रिकामी बाहेर पडली आणि इंग्लंडमध्ये सिडमथ गावातील डेव्हन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने तिचा कॅम्पर केला. त्या वेळची प्लायवूडची कपाटे, लॅमिनेटचे ओटे आणि छोटी शेगडी अजून आहे. दोन दारे फुगली आहेत, एक मूठ नाही. नवऱ्याला सगळे नवे, फिकट लाकडाचे हवे होते. मला वाटत होते की नवा पत्रा, नवा रंग आणि नवे लाकूड झाल्यावर १९७३ चे उरणार काय? शेवटी कपाटे दुरुस्त करायची, शेगडी तपासून पुन्हा जोडायची आणि रंग मूळचा निळा करायचा असे ठरले. बदल्यात नवऱ्याला दुसरी बॅटरी आणि छोटा फ्रिज मिळाला. खणाचे कापडही जागेवर आहे, कपाटात, डांबराच्या गोळ्यांसकट.

सुटे पत्रे मागवताना आणखी एक धडा मिळाला. स्वस्तातला बाहेरचा सिल आणला, तो गाडीला लावून पाहिला तर वळण एका टोकाला चार मिलिमीटर बाहेर जात होते. तो परत केला. त्यानंतर सिलच्या तिन्ही पदरांसाठी आणि जॅकच्या जागांसाठी जाड पत्र्याचे, महाग भाग घेतले आणि जे बाहेरून दिसत नाही त्यावर जास्त पैसे खर्च करायचे असे धोरण वहीत लाल शाईने लिहिले. एकूण अंदाजावर वीस टक्के अनपेक्षित खर्चाचे धरले होते. चुंबकाच्या दिवसानंतर ते पस्तीस केले.

शेजारी एक निवृत्त जहाजबांधणी कामगार राहतात. त्यांनी आराखडा पाहिला आणि एकच बदल सुचवला: डावी बाजू जास्त खराब असली तरी सुरुवात उजवीकडून करा, कारण तिथे सरकते दार नाही आणि तुमचे पहिले काम कच्चेच होणार. हे मला साधे असूनही सुचले नव्हते. त्यांच्याच मदतीने मार्च २०२४ मध्ये गाडी तळाच्या दांड्यांखाली आठ ठिकाणी टेकवली. पातळी मात्र मी आमच्या गवंड्यांच्या पद्धतीने काढली, पारदर्शक नळीत पाणी भरून. लेझर आणून देतो म्हणणारे ते आजोबा पाचव्या टेकूपाशी स्वतःच नळीचे दुसरे टोक धरून उभे राहिले. मग दारे बंद ठेवूनच चौकटींत चौकोनी नळ्यांचे तिरके आधार वेल्ड केले आणि प्रत्येक दाराच्या फटी मोजून पत्र्यावर पेन्सिलीने लिहिल्या.

सरकत्या दाराच्या मागच्या कडेची फट वर पाच मिलिमीटर आणि खाली साडेसात आली. बाबांना फोनवर आकडे वाचून दाखवले.

"पुन्हा मोज," ते म्हणाले.

पुन्हा मोजली. खाली साडेसातच होती. म्हणजे गाडी आम्ही हात लावण्यापूर्वीच थोडी वाकलेली होती आणि डाव्या बाजूची पाळी येईल तेव्हा जॅकने अडीच मिलिमीटर उचलून मगच आधार पुन्हा बांधावे लागणार होते. तो आकडा वहीत डाव्या सिलच्या ओळीसमोर लिहिला, उजव्या सिलवर कापायची रेघ मार्करने आखली आणि रविवारी सकाळी नऊची वेळ ठरवून कोठाराला कुलूप लावले.